मुकादम चाचांचं मॉन्टेगो

मुकादम चाचांना वाळू दिसली की ते उजव्या पायातली चप्पल काढून हातात घ्यायचे आणि तिच्या टोकानं जमैका काढायचे. कुठलीही वाळू चालायची. समुद्रावरची असो नाहीतर बांधकामावरची, एकदा तर खालच्या ग्रोसरीवाल्यानं सिगारेटी विझवायला वाळूचा डबा ठेवलेला, त्यात त्यांनी आगकाडीनं काढलं. आधी एक लांबोडकी भाकरी, म्हणजे ते बेट. मग त्या भाकरीच्या डाव्या खांद्यावर अंगठ्यानं एक खड्डा. "हा मॉन्टेगो बे," ते सांगायचे. "इथं मी अकरा दिवस होतो."

एवढं ऐकून तुम्ही नुसतं "हो का?" म्हणालात की मेलात. "हो का" म्हणायचं नसतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा शारजाला नवीनच आलेली. अठ्ठ्याण्णव साल होतं, मी बावीस वर्षांची, आठवी झालेली, खेडजवळच्या वाडीतली, आणि कडेवर दोन वर्षांची मनी. मला सगळ्याचीच भीती वाटायची. लिफ्टची वाटायची, कारण दार आपोआप बंद होतं आणि मग आतून हाक तरी कुणाला मारायची? फोनची वाटायची, रस्ता ओलांडायची वाटायची, आणि पोलिसाची तर पोलीस बघायच्या आधीपासूनच वाटायची. हे, म्हणजे आमचे हे, एसी दुरुस्तीच्या कामावर होते. पहाटे पाचला निघताना रोज बजावून जायचे, दार कुणाला उघडू नकोस. आणि चौथ्याच दिवशी मी दार उघडलं, कारण बाहेरून आवाज आला, "कुळथाची पिठी कोण करतंय गो? जिन्यात वास आलाय!"

आता शारजात जिन्यातून "गो" ऐकू आल्यावर कोण दार लावून बसेल?

दारात चाचा. काळे, किडकिडीत, सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचे, दाढीला मेंदी, चौकड्याची लुंगी आणि हातात माशांची पिशवी. हर्णैचे. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक खोली होती, तिथं एकटे राहायचे. इथं बायको सोबत नसली की माणूस बॅचलर. चाचांना नातू झाला होता, पुढचे दोन दात पडले होते, तरी बॅचलर. आणि फॅमिली बिल्डिंगमध्ये बॅचलर चालत नाही, म्हणून त्यांना गच्चीवर ठेवलेलं, लोणच्याच्या बरणीसारखं.

"बांगडे घे," ते म्हणाले. "खास नाहीत. मॉन्टेगोला मासा असा मिळायचा, कालवणात टाकला तरी वळून बघायचा."

"हो का?" मी म्हटलं.

दीड तास! पिठी करपली, मनी कडेवर झोपली, उठली, परत झोपली, माझा हात मेला, आणि चाचा उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून बोलतायत. आत पाऊल टाकलं नाही त्यांनी, तेवढी अदब होती. गप्प बसायची अदब तेवढी नव्हती.

तर झालं होतं असं की चाचा तरुणपणी जहाजावर होते. जहाज खताचं. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्याचं इंजिन बंद पडलं ते जमैकाच्या त्या मॉन्टेगो गावाजवळ, आणि सुटा भाग परदेशातून येईपर्यंत अकरा दिवस जहाज बंदरात अडकलं. बस, एवढंच. पण चाचा सांगायला लागले की वाटायचं जहाज तेच चालवत होते आणि कॅप्टन नुसता पगार घ्यायला बसला होता. खरं म्हणजे चाचांचं काम इंजिनाला तेल घालायचं. आणि बंद काय पडलं? इंजिन. हे मी एकदा समोरच्या जोशीबाईंना म्हटलं तर त्या एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

जोशीबाई पुण्याच्या, बँकेत होत्या. मराठी बोलायच्या पण त्यात मराठी शोधावं लागायचं. "ॲक्च्युअली ही इज हार्मलेस गं, बट सो बोअरिंग," असं चाचांबद्दल म्हणायच्या, आणि तरी दर शुक्रवारी त्यांच्या बसमध्ये पहिल्या सीटवर रुमाल अंथरून बसलेल्या असायच्या, कारण मिस्टर जोशी टूरवर आणि मुलगी ऋचा घरात बसून टीव्ही खाणार.

ही बस म्हणजे काय ते सांगते. चाचा आता मजुरांची बस चालवायचे. दुबईतल्या सोनापूरच्या मजूर-कॅम्पमधून माणसं भरायची, साइटवर सोडायची, परत आणायची. एसी नाही, खिडक्यांना जाळी, सीटमधून फोम बाहेर आलेला. शुक्रवारी सुट्टी. दुपारच्या नमाजानंतर चाचा मजुरांना सोनापूरहून शारजातल्या रोल्याच्या बाजारात सोडायचे, म्हणजे ती माणसं फोन करणार, गाववाल्यांना भेटणार, आणि संध्याकाळी सात वाजता त्यांना परत कॅम्पवर न्यायचं. मधल्या वेळात बस रिकामी. त्या रिकाम्या बसमध्ये आम्ही, आमच्या बिल्डिंगमधल्या बायकापोरी, अजमानच्या समुद्रावर. कंपनीला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं की कंपनीला माहीत नाही, म्हणून मी जाताना पूर्ण वेळ देवाचं नाव घ्यायचे आणि येताना पण.

समुद्रावर पोचलं की नुसतं बसायचं नाही. तिथं मॉन्टेगो बघायला लागायचं.

चाचा चपलेनं रस्ते काढायचे आणि मग आम्हाला नेमून द्यायचे. ऋचाला टेकडीवरचा तोफांचा किल्ला करायचे, तिला ते आवडायचं, ती "बूम" म्हणायची. जोशीबाईंना एकदा दारूचं गोदाम केलं, तर त्या दोन शुक्रवार आल्याच नाहीत. मी कायम बाजार. "तू इथं उभी राहा गो, पिशवी खाली ठेव, हां, आता तू मार्केट." मग मी मार्केट होऊन उन्हात उभी, मनी माझ्या पायाशी वाळू खातेय, आणि चाचा लुंगी वर खोचून मॉन्टेगोतून फिरतायत.

"पहिल्यांदा इथं साधी माणसं होती. मासे पकडायची, झोळीत झोपायची. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग तो गोरा दर्यावर्दी आला. निघालेला हिंदुस्तानात यायला आणि पोचला तिकडं. म्हणजे रस्ता चुकणारे ड्रायव्हर तेव्हापासून आहेत. मग त्याच्या मागून आलेल्यांनी इथं धंदा काय काढला? चरबीचा! त्या... त्या जनावराच्या चरबीचा."

"पिग्ज, अंकल," ऋचा किल्ल्यावरून ओरडायची.

"नाव नको घेऊस! त्या जनावराच्या. पिंपं भरभरून बोटीवर चढवायचे. गावाला नावच चरबीचं पडलं. मग आली साखर. साखर आली म्हणजे काय आलं?"

"डायबिटीस," जोशीबाई.

"गुलाम आले," चाचा म्हणायचे. त्यांना चेष्टा कळायची नाही असं नाही, पण मॉन्टेगोत असताना ऐकू यायची नाही. "आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं. आठवडाभर ऊस तोडायचा. रविवारी गावात यायचे, पिकवलेलं चार पैशाला विकायचे, आपल्या माणसाला भेटायचे. दुपारी चौकात घंटा व्हायची. घंटा झाली की गावाच्या बाहेर! जो राहिला तो ह्याच्यात." आणि ते आमचा थर्मासचा मोठा डबा उचलून चौकात ठेवायचे. तो दगडी पिंजरा. म्हणायचे, तो अजून तिथं उभा आहे, दुपारी त्याच्या सावलीत म्हातारे बसतात.

एवढं होईतो सहा वाजलेले असायचे. चाचा घड्याळात बघून टाळी वाजवायचे, "चला, यल्ला, घंटा झाली!" कारण रोल्याला त्यांची माणसं रांगेत उभी असणार. आम्ही हसायचो. आत्ता सांगताना तेवढं हसू येत नाही.

पण दर वेळी गुलामगिरीच असायची असं नाही. तिथलं नाचगाणं पण असायचं. "रस्त्यावर एवढे मोठे भोंगे लावलेले, कपाटासारखे. भाजीवाली भाजी तोलताना नाचतेय, पोलीस शिट्टी वाजवताना नाचतोय!" मग ते कमरेवर हात ठेवून दोन पावलं करून दाखवायचे आणि शेजारी बसलेलं एखादं अरबी कुटुंब आपली चटई उचलून लांब न्यायचं. तिथली मिरची टोपीसारखी असायची. तिथं घराघरात नीरफणस. "नीरफणस गो! हर्णैचा नीरफणस! मी झाडाला मिठी मारली." आणि डॉक्टरची गुहा. तिथं म्हणे एका डॉक्टरची गुहा होती, तिच्यासमोरच्या पाण्यात डुंबायला मोठमोठे साहेब विलायतेतून यायचे, बरे व्हायला. त्या गुहेपायी आम्हाला जो त्रास झाला! चाचांनी अजमानच्या समुद्राचं पाणी बाटलीत भरून ठेवलेलं. गुडघा दुखला, समुद्राचं पाणी. दात दुखला, तेच. ह्यांना ॲसिडिटी झाली तर अर्धा पेला पाजला आणि हे पूर्ण शुक्रवार संडासात. चाचा बाहेरून विचारतायत, "सुटलं का रे? सुटायलाच पाहिजे. मॉन्टेगोला लॉर्ड लोकांचं सुटलंय."

आणि एकदा पोलीस. ज्याला मी घाबरत होते ते झालंच शेवटी. अजमानच्या राउंडअबाउटजवळ पोलिसानं बस बाजूला घ्यायला लावली. मजुरांच्या बसमध्ये बायकापोरं कशी, त्याला कळेना. मी मनीच्या तोंडावर हात ठेवला, का ते मला माहीत नाही, ती काही बोलत नव्हती. आता आपण जेलात जाणार, मनीला कोण बघणार, आणि गावाला सासूबाई म्हणणार, तरी मी सांगत होते.

पोलिसानं विचारलं, कुठं चाललाय? सरळ सांगायचं ना, समुद्रावर. चाचा म्हणाले, "मॉन्टेगो, हबीबी!"

आणि हिंदी अरबीची खिचडी करून सुरूच झाले. जहाज, इंजिन, अकरा दिवस. तो पोलीस पोरसवदा, आधी हसला, मग घड्याळ बघितलं, मग चाचा बसच्या काचेवर बोटानं भाकरी काढायला लागले तेव्हा त्यानं कागद परत दिले. "खलास, खलास, यल्ला, रूह!" म्हणाला, म्हणजे जा बाबा एकदाचा. चाचा बसमध्ये चढून म्हणाले, "बघितलंस? त्याला पुढचं ऐकायचं होतं. ड्युटी होती म्हणून."

असं वर्ष गेलं. मनी तीन वर्षांची झाली. चाचांच्या खांद्यावर बसायची, ऋचाचं ऐकून इंग्लिश बोलायची, "नो, चाचा, नो," आणि त्यांची मेंदीची दाढी ओढायची.

मग ह्यांनी माझ्यासाठी अजमानच्या शिलाईच्या फॅक्टरीत काम बघितलं. मशीन मला येत होती. सकाळी सातला फॅक्टरीची गाडी नेणार, संध्याकाळी सहाला आणून सोडणार. आणि मनी? मनी गावाला, सासूबाईंकडे. दोन वर्षं. "सगळेच करतात," हे म्हणाले. आणि खरंच करायचे. आमच्याच बिल्डिंगमध्ये तीन घरं होती जिथं फ्रीजवर पोरांचे फोटो होते आणि घरात पोरं नव्हती.

मी "बरं" म्हटलं. नाही म्हणायचं मला कुणी शिकवलंच नव्हतं. आईनं नाही, शाळेनंही नाही, कदाचित आठवीच्या पुढं असेल तो धडा. मी ह्यांच्यासमोर बरं म्हणायचे आणि संडासात जाऊन नळ सोडून रडायचे.

आता पोर पाठवायची कशी? त्याची इथं रीतच आहे. कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्याबरोबर सगळे पाठवणार. कुणी खजूर, कुणी टॉर्च, कुणी बामच्या बाटल्या, कुणी सुनेसाठी सोन्याची चेन, आणि कुणी पोर. चाचा दोन वर्षांनी सुट्टीवर निघाले होते, मार्चमध्ये. हे गच्चीवर जाऊन विचारून आले. चाचा म्हणाले, "इन्शाल्ला."

आता इन्शाल्ला म्हणजे हो, की नाही, की बघू, हे शारजात वीस वर्षं काढलेल्यालाही छातीठोक सांगता येत नाही. ह्यांनी हो धरलं. मनीचं तिकीट काढलं, दुसऱ्याबरोबर पाठवायला परवानगी म्हणून कागद लिहून घेतला, दीर मुंबईला विमानतळावर घ्यायला येणार ते ठरलं. मी मनीचे फ्रॉक घड्या करून बॅगेत ठेवायचे आणि ती एकेक बाहेर काढून घालून बघायची.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी चाचांनी अजमानला नेहमीसारखी भाकरी काढली. खड्डा केला. आणि चप्पल हातात घेऊन उभेच राहिले. किल्ल्यावरून ऋचा म्हणाली, "अंकल, नाउ द पिग्ज." चाचा म्हणाले, "आज नको." जोशीबाई म्हणाल्या, "फायनली!" मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी म्हटलं बरं झालं, उन्हात मार्केट व्हायला नको.

आणि सोमवारी चाचा आमच्या दारात. उंबऱ्याच्या बाहेर. ह्यांना म्हणाले, "पोर मी नाही नेणार."

"का?"

"मला विमान लागतं. उलट्या होतात. पोरीला कोण बघणार?"

हे बघतच राहिले. "चाचा, तुम्ही अख्खी जिंदगी बोटीवर काढलीत ना?"

"बोट वेगळी. बोट हलते. विमान हलत नाही, म्हणून मळमळतं."

"अहो पण तिकीट काढलंय!"

"आणि मला रडणारी पोरं आवडत नाहीत," चाचा म्हणाले. मनी तेव्हा त्यांच्याच पायाला मिठी मारून उभी होती.

ह्यांचा असा राग मी बघितला नव्हता. तिकीट परत केलं, अर्धे पैसे कापले गेले, फॅक्टरीवाला म्हणाला मेपर्यंत जागा ठेवतो. तिसऱ्या मजल्यावरचे एक जण मेमध्ये सुट्टीवर जाणार होते, ह्यांनी त्यांना विचारून ठेवलं. आणि बिल्डिंगभर सांगितलं, वर्षभर समुद्राचं पाणी पाजतो, गोष्टी मारतो, आणि एक काम सांगितलं तर उलट्या. जोशीबाई म्हणाल्या, "आय न्यू इट. टिपिकल." मला आतून एवढं हलकं वाटलेलं की चेहऱ्यावर दिसेल म्हणून मी दोन दिवस मान खालीच ठेवली. चाचांना शिव्या बसतायत त्या बसू दिल्या. खोटं कशाला सांगू.

चाचांची निघायची दुपार आली. आमच्याकडे कुणी सुट्टीवर निघालं की सगळी बिल्डिंग कार्टन बांधायला जमते. एक जण वजन करणार, एक जण मार्करनं नाव लिहिणार, दोघं दोरी ओढणार, आणि फुकटचे सल्ले देणारे सहा. त्या दिवशी कुणी गेलं नाही. वर गच्चीवर काही आवाजच नाही. मी कपडे काढायला म्हणून गेले, जिन्यानं, मनीला घेऊन. कपडे वाळत घातलेलेच नव्हते.

चाचा खोलीसमोर जमिनीवर बसलेले. कार्टनवर गाठीच्या जागी पायाचा अंगठा दाबून ठेवलेला, दोरीचं एक टोक दातात, एक हातात. दोरी सुटायची, परत धरायचे. त्यात पुढचे दोन दात नाहीत. मला हसूच आलं, मी तोंडाला पदर लावला.

"चाचा, मी बोट ठेवू?"

"ठेव. पण काढ म्हटलं की काढायचं."

मी गाठीवर बोट ठेवलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "विमानात उलट्या होतात तर गोळी घेऊन जा."

"कसल्या उलट्या? जेवणाचा ट्रे दोनदा मागून घेतो मी."

"मग?"

चाचांनी दोरी सैल सोडली. मनी टाकीखाली गेली होती, कबुतराच्या मागे. तिच्याकडे बघत म्हणाले, "मॉन्टेगोला एक म्हातारी होती. तिला मी वाळूत नाही काढत."

मग सांगितलं. बाजाराच्या मागं ती मटणाचं कालवण विकायची. नाकात आपल्यासारखी चमकी. तिच्या आजीला आपल्याकडनं बोटीनं तिकडं नेलेलं, ऊस तोडायला. करार पाच वर्षांचा. आजीनं आपली लहान पोर बहिणीकडे ठेवली, म्हणाली पाच वर्षांत येतेच. पाच झाली. मग अजून पाच. मग तिकडंच लग्न, तिकडंच पोरं, तिकडंच माती. "ते जनावर, तो पिंजरा, ती घंटा, मी सांगतो ते सगळं तिच्याकडनं ऐकलेलं गो. तिचं इंग्लिश आणि माझं जहाजाचं इंग्लिश. मी रोज तिच्याकडेच जेवायचो. तिनं विचारलं, तुला मूलबाळ? म्हटलं, आहे, मुलगी. म्हणाली, केवढी?"

चाचांनी हात जमिनीपासून वर नेला, तळवा खाली करून. "मी असा हात केला. मग वाटलं, एवढी नसेल. खाली आणला. मग वाटलं, दीड वर्ष झालं की आपल्याला निघून. परत वर नेला. हात कुठं थांबवायचा तेच कळेना. म्हातारीनं माझा हात धरून खाली ठेवला आणि वाटीत अजून एक तुकडा वाढला."

मी गाठीवरचं बोट तसंच ठेवलेलं.

"तिच्या सगळ्या गोष्टी पोरीला सांगायच्या म्हणून पाठ केल्या. घरी गेलो तर पोर दाराआड. आईला विचारते, कोण आलंय? मग तिला काय सांगणार, जमैका?" मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तू का नाही बोललीस गो नवऱ्याला? मी किती लोकांच्या उलट्या अंगावर घेऊ? मेमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्याला पण विमान लागणार आहे काय?"

"भीती वाटते."

"कशाची?"

"सगळ्याचीच."

"मॉन्टेगोला..." चाचांनी सुरू केलं आणि थांबले. "जाऊ दे. काढ बोट."

मी खाली आले. हे जेवायला बसले होते, परत कामावर जायचं होतं. मी भात वाढला, आमटी वाढली, आणि माझा आवाज शेजारणीच्या घरातून आल्यासारखा आला, "मनी कुठं जाणार नाही. मेमध्ये पण नाही. मी पाठवणार नाही."

ह्यांचा घास हातातच.

"चाचांना विमान लागत नाही," मी म्हटलं. "मला पाठवायची नव्हती. मी बोलले नाही म्हणून ते बोलले." मी ओट्याला धरून उभी राहिले, पण बोलले.

ह्यांनी ताट सरकवलं, हात धुतले आणि बाहेर. वर चढल्याचा पावलांचा आवाज. मला वाटलं आता भांडण, मी मनीला उचलून मागे धावले, तर जिन्यात समोरून हेच उतरतायत. खांद्यावर चाचांचं कार्टन. लिफ्ट नेमकी बंद. मागून चाचा, हातात बॅग, तोंड चालू.

"डावीकडून घे! भिंतीला घासेल! मॉन्टेगोचे हमाल डोक्यावर न्यायचे, हात न लावता..."

"चाचा, अजून एक शब्द मॉन्टेगोचा काढलात तर कार्टन इथंच ठेवीन."

चार मजले चाचा गप्प उतरले. असं कधी झालं नव्हतं.

खाली टॅक्सी उभी. ह्यांनी कार्टन डिकीत घातलं, डिकी लावली, परत उघडून बघितली, परत लावली. माफी मागणं ह्यांना येत नाही, अजून येत नाही. मग विचारायचं म्हणून विचारलं, "मुंबईला घ्यायला कोण येणार?"

"पोरगी. दरवेळी येते, हर्णैहून एवढा प्रवास करून. बोर्ड घेऊन उभी असते."

"बोर्ड?"

"माझ्या नावाचा. दहा वर्षांची होती तेव्हा मामूबरोबर पहिल्यांदा आली विमानतळावर. माझा चेहरा नीट आठवत नव्हता तिला, म्हणून पुठ्ठ्यावर नाव लिहून आणलं. आता ओळखते की. तिचं लग्न झालं, मुलगा झाला. तरी आणते. म्हणते, सवय झाली अब्बा."

चाचा टॅक्सीत बसले, लुंगीऐवजी पँट घातली होती त्या दिवशी, ती गुडघ्यावर सारखी केली.

"आणि मी पण काय," ते म्हणाले. "आधी बोर्ड वाचतो. मग वर बघतो."

त्यांनी दार ओढून घेतलं आणि टॅक्सीवाल्याला म्हणाले, "यल्ला."